ओवीचा लाडू

सदाशिव पेठेतल्या एका वाचनालयात मी लहान मुलांना चित्रांचं पुस्तक वाचून दाखवते आणि मग गोष्टीतलाच पदार्थ त्यांच्याकडून करून घेते. काल मुंग्या हत्तीसाठी लाडू वळतात ती गोष्ट झाली, म्हणून प्रत्येकापुढे दाण्याचं कूट आणि गूळ ठेवला.

सहा वर्षांच्या ओवीने लाडू वळला, एका बाजूने चपटा. "हा मी आजोबांना देणार," ती म्हणाली.

"अगं, फोटोत कसा दिसेल हा?" म्हणत तिच्या आईने तो मोडला आणि स्वतःच नवा वळायला घेतला. ते बघून बाकीच्या आयाही सरसावल्या.

"अहो, मुलांना करू द्या ना!" तिसऱ्यांदा सांगताना माझा आवाज चढला होता.

"आपण काळजी करू नका, पाच मिनिटांत होतंय," ओवीची आई म्हणाली.

चौदा लाडू झाले, सगळे एका मापाचे. चौदा मुलं भिंतीला टेकून बघत राहिली. ओवी रडत होती.

संध्याकाळी पालकांच्या ग्रुपवर ओवीच्या आईचा अभिप्राय आला.



"उपक्रम चांगला आहे, पण मुलांना काहीच करायला मिळालं नाही. ताईंनी जरा लक्ष द्यायला हवं होतं."