खुंटाचा गुलाब

थोरलीने फूल हुंगलं, आणि पुन्हा एकदा हुंगलं. आधी लवंग, मागून लिंबाची साल. ज्या हरवलेल्या जुन्या गुलाबासाठी तिने अर्धं आयुष्य जुन्या दफनभूमी पालथ्या घातल्या, तो हाच. आणि सापडला कुणाला? धाकट्या जावेला! परवापरवा जिला कळी आणि कोंब यातला फरक थोरलीनेच शिकवला, तिला.

"काय हो ताई, आहे का काही?"

"खुंट आहे गं," थोरली म्हणाली. "वरचं कलम मेलं, खालचा जंगली फुटला. असे ढिगाने असतात."

धाकटीचं तोंड एवढंसं झालं. थोरलीला उन्हातून आल्यावर गार पाणी प्यायल्यासारखं वाटलं.

पण मागे दफनभूमीचा राखणदार कोयता घेऊन उभा होता. या झुडपाच्या मुळांनी थडग्याचा दगड उचलला जात होता. या दोघी बघून जाईपर्यंत म्हणून तो थांबला होता.

"जंगली ना? सुटलो!" म्हणत त्याने पहिला घाव घातलाही.

हे थोरलीच्या हिशेबात नव्हतं. "अरे मेल्या, तिथे नको! वर धर, वर!" ती ओरडली, आणि पडलेल्या फांदीपाशी चिखलात बसली. नव्या साडीची तिला शुद्ध राहिली नाही. रोपं करायला पेन्सिलीएवढ्या जाड काड्या तिने निवडल्या, खालची पानं खुडली, टोकं तिरकी कापली, ओल्या रुमालात गुंडाळली.

धाकटी हाताची घडी घालून बघत होती.

"जंगलीचे एवढे लाड, ताई?"

थोरलीचे हात थांबले. "मी बघताक्षणीच ओळखला होता. तुला येतो का, तेच बघत होते."

"अगंबाई, मग मी नापासच की!" धाकटीने पर्समधून झाडाला नाव लावायची पत्र्याची पट्टी आणि पेन काढलं. "नाव तुम्ही सांगा. सापडला कुणाला, ते खाली मी लिहिते."

थोरली उठली. काड्यांचा रुमाल तिने छातीशी धरला. झुडूप गेलं की गुलाब फक्त तिच्याकडेच.

"दगड उचलला जातोय ना?" ती राखणदाराला म्हणाली. "मग उरलेलं उपटून टाक."

त्याने कोयता उचलला. तेवढ्यात धाकटी पुढे झाली आणि झुडपाला पाठ लावून सरळ मातीत मांडी घालून बसली.

"काटे टोचतायत, ताई," ती पेनाचं टोपण काढत म्हणाली. "नाव जरा लवकर सांगा."