ठोकळ्यांचा कालवा

पाण्यावर प्रत्येक नागरिकाचा समान हक्क आहे, असे नगरपालिकेने पाणीवाटपाच्या ऑनलाइन खेळाच्या पहिल्याच पडद्यावर लिहिले होते. खाली लिहिले होते, 'कालवा ज्याचा त्याने बांधावा.' खेळातला ठोकळ्यांचा कालवा ज्या सोसायटीच्या दारी पोहोचे, तिच्या खऱ्या नळांना पाणी येई.

मंदारछाया सोसायटीचा कालवा शकुंतला मुळीक यांनी महिनाभर खपून बांधला होता. घरात सून बाळंतीण होती आणि पिंपाचा तळ दिसत होता.

"आता फक्त पाणी सोडायचं," त्या म्हणाल्या.

"अहो मुळीकवहिनी, उद्घाटन नको?" अध्यक्ष ढमढेऱ्यांनी टॅब ओढून घेतला. "नारळ कुठाय?"

"खेळात नारळ नाहीत, साहेब."

"मग दगड फोडू. शुभकार्यात काहीतरी फुटलंच पाहिजे."

त्यांनी कालव्याच्या काठाचा ठोकळा फोडला आणि लगेच पाणी सोडले. टाळ्या झाल्या. पाणी भगदाडातून उतारावर वळले आणि शेजारच्या इमारतीच्या दारी पोहोचले.

"बुजवा की वहिनी, पटकन."

"एकदा पाणी सोडलं की वर्षभर काही बदलता येत नाही," मुळीकवहिनी म्हणाल्या.

पेढे आणलेलेच होते, ते वाटले गेले. शेजारच्या इमारतीचे सगळे नळ वाहू लागले. तिथे अजून कोणी राहायला आलेले नाही.