आधी ‘ई’ म्हणणारा

आठ वर्षांत पहिल्यांदाच दगड हरला. पण असं काही घडलंच नाही. दगडाचं तसं लेखी म्हणणं आहे, तेव्हा आपणही काही न घडल्यासारखंच पुढे वाचू.

त्या घरात तिघं राहत. दगड, वकील आणि दातवाला. दातवाला दवाखान्यात लोकांचे दात खरवडायचा. वकील विमा विकायचा, पण भांडण कलमवार करायचा, म्हणून वकील. घराला एकच नियम होता आणि तो फ्रिजवर चिकटवलेला होता : ज्याच्या तोंडून आधी ‘ई’ निघेल, त्याने साफ करायचं. हा नियम दगडाने एकविसाव्या वर्षी काढला होता आणि त्याला त्याचा फार अभिमान होता.

परिणामी घरात कुणालाच काही दिसत नसे. बाथरूमच्या जाळीत तिघांच्या केसांचा मिळून उंदराएवढा गोळा झाला होता. आंघोळ करणारा त्याला बिचकून बाजूला उभा राही, जणू गोळ्याचाच नंबर आधी आहे. फ्रिजमधला एक डबा आतून फुगला होता. सिंकमधल्या पातेल्यावर आधी पांढरी लव आली, मग हिरवी. गेल्या आठवड्यात ती काळी पडली आणि तिच्यातून एक बुडबुडा सावकाश वर येऊन फुटला. दातवाला शेजारीच उभा राहून पाणी पीत होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, तोंडातून अक्षर नाही.

दगड तर एकदाही हरला नव्हता, म्हणूनच दगड. त्यातून त्याची नोकरी हॉटेलांची स्वयंपाकघरं तपासायची. ओट्याखाली बॅटरी मारायची, बोट फिरवून बघायचं, ‘तेलकट थर’, ‘झुरळांची विष्ठा’ असे शेरे लिहायचे. दिवसभर किळस येण्याचा पगार मिळतो, मग घरी फुकट का येऊ द्यायची, असा त्याचा सरळ हिशेब. पुढच्या महिन्यात त्याला तीस पूर्ण होणार होती. तोवर अजिंक्य राहायचं त्याने ठरवलं होतं.

मग दगडाचे बाबा आले. ऑपरेशननंतर दहा दिवस राहायला, लघवीची नळी आणि पिशवी लावून. त्यांचा जन्म गाड्या दुरुस्त करण्यात गेलेला, त्यामुळे पिशवीला ते टाकी म्हणत. आल्या आल्या त्यांनी फ्रिजवरचा कागद वाचला, पातेल्याकडे बघितलं आणि दगडाच्या पलंगावर आडवे झाले. वाकायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. टाकी ते भिंत धरत धरत स्वतःच रिकामी करून येत. कुणाला काही दिसत नसे.

चौथ्या दिवशी, रविवारी सकाळी, टाकीची तोटी सुटली. पायजमा, चादर, गादी, सगळं भिजलं. वास घरभर पसरला. वकिलाने मोबाइलमध्ये नाक खुपसलं. दातवाल्याने खिडकीकडे हात नेला आणि मागे घेतला. खिडकी उघडणं म्हणजे अर्धी ‘ई’.

दगड खोलीच्या दारात उभा होता. एक पिवळा ओघळ फरशीच्या फटीफटींतून आला आणि त्याच्या अंगठ्याशी थांबला. त्याच्या घशात आंबट आलं. त्याने ते गिळलं. सराव होता.

बाबा पलंगाच्या कडेला बसून चादर ओढत होते. सुया टोचून टोचून हात काळानिळा झालेला. चादर येत नव्हती, कारण तिच्यावर तेच बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“जा तू,” ते म्हणाले. “तुला काही दिसलं नाही. नियम आहे ना तुमचा? मी उरकतो.”

आणि फरशी पुसायला ते वाकू लागले.

“ई!” दगड ओरडला. वरच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकलं. “ई, काय हे बाबा! शी! वाकू नका. आधी त्या खुर्चीत बसा!”

वकील धावत आला. “म्हणाला! मी साक्षीदार आहे! दातवाल्या, ऐकलंस ना?”

दगडाने बाबांना पुसलं, कोरडे कपडे घातले आणि गादी धुवायला घेतली. दोनदा बाहेर जाऊन ओकला, दोनदा परत आला. बाबा टाके धरून हसायला लागले.

“तू तान्हा होतास तेव्हा मी असाच ई ई करायचो. तुझी आई म्हणायची, आधी तुम्हाला घाण वाटली ना, मग तुम्हीच धुवा. दीड वर्ष रोज हरलो मी. आणि तू ते कागदावर लिहून चिकटवलंस होय रे?”

दगड बादली घेऊन सिंकपाशी गेला, तर तिथे पातेलं होतं. त्याने ते घासलं. मग जाळीतला गोळा उपसला. मग फुगलेला डबा.

“अरे, ह्याला कुठे ‘ई’ म्हणालास तू?” वकील चक्रावला.

“दिसतंय रे,” दगड रडकुंडीला येऊन म्हणाला. “सगळंच दिसतंय.”

सोमवारी फ्रिजवर नियमाखाली दुसरा कागद लागला. तो अजून तिथेच आहे :

‘प्रति, सर्व रहिवासी. विषय : रविवारची ‘ई’ रद्द करणेबाबत. महोदय, सदर ‘ई’ वडिलांना वाकावे लागू नये एवढ्यासाठीच काढलेली असल्याने ती घडलीच नाही असे समजावे. तसेच त्या दिवसापासून अर्जदारास घरातील यच्चयावत घाण दिसू लागली आहे. तरी अर्जदाराचे वय पूर्ववत एकवीस धरून त्यास पुन्हा काहीही न दिसण्याची परवानगी मिळावी, ही नम्र विनंती.’