लुबनाचे किडे

अंजनगावात मुजम्मिलभाईंचं कीटकनाशकांचं दुकान, अन् त्यांची लेक लुबना दिवस दिवस कपाशीत पालथी पडून किड्यांचे जवळून फोटो काढणारी. "मी किडे मारून राहिलो, अन् तू त्यायले हिरो करून राहिली," म्हणत ते हसायचे.

परवा लुबनानं शेतकऱ्यांच्या ग्रुपवर एक फोटो टाकला. ठिपकेवाला ढालकिडा पानावरची मावा कीड मटकावत होता. खाली तिनं लिहिलं होतं, 'हा फुकटात मावा खाते, फवारू नका.' दुपारपर्यंत तीन गिऱ्हाइकांनी औषधाच्या बाटल्या काउंटरवरूनच परत केल्या.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी मुजम्मिलभाई स्वतःच लेकीला स्कूटरवर बसवून शेतात घेऊन गेले.



"बेटा, आज जरा बदमाश किड्यायचे काढ."