सडक्या नळ्या

इंगवल्यांकडे अप्रसिद्ध अमेरिकन कारखान्यांच्या जुन्या दुनळी बंदुकांचा संग्रह होता. उणीव एकीचीच, आणि ती नेमकी दिवंगत मित्राच्या भिंतीवर. नावं ठेवली की मित्राच्या बायकोकडून फुकटात पदरात पडेल, असा त्यांचा अंदाज.

“वहिनी, या कंपनीला अमेरिकेतसुद्धा कुत्रं विचारत नव्हतं! नळ्या सडल्यात. बार उडवला तर हातातच फुटेल. मी नेऊन टाकतो.”

आठवड्याने ते आले, तेव्हा वहिनींनी पोतं पुढे केलं. “लोहाराकडून तुकडे करून घेतले, भावजी. ‘माझ्यामागे ही त्यालाच दे,’ असं सांगून गेले होते हे. पण तुमच्याच हातात फुटली तर?”

इंगवले पोत्यातले तुकडे कुरवाळत रडू लागले. सडक्या लोखंडासाठी कुणी एवढं रडत नाही, हे वहिनींना कळलं.

इंगवल्यांची एक बंदूक हुकली. वहिनींच्या घरातून मात्र नवऱ्याची खूण गेली, आणि त्याचा मित्रही.