जुनी पिन

ट्रॅक्टर सुरू करण्याआधी मालननं हुकाशी वाकून पाहिलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली. ट्रॅक्टरला ट्रॉली जोडणारी नवी पिन काल तिनं स्वतः निवडून आणली होती, चांगली चकचकीत. दिरानं ती बसवूनही दिली होती. पण हुकात होती जुनी, काळी पडलेली पिन.

वाटणी झाल्यापासून दिरावर तिचा भरवसा उरला नव्हता. ती तडक त्याच्या उसानं भरलेल्या ट्रॉलीपाशी गेली. नवी पिन तिथं चमकत होती.

"भावजी, वाटणीत एवढंच राहिलं होतं का?"

बाजीरावनं पिन उपसली आणि लोखंड घासायच्या कानशीसकट तिच्या हातात ठेवली. "घासा, वैनी."

कानस पिनेत रुतली, लोखंडाचा भुगा पडला. मालननं मग आपल्या हुकातली जुनी पिन घासून पाहिली. कानस नुसतीच घसरली. ओरखडासुद्धा उमटला नाही.

"ही तुमच्या ट्रॉलीची?"

"व्हय. तुम्हाला घाट चढायचाय. मऊ पिन तुटली, तर ट्रॉली मागं येती. माझी वाट सपाट हाय."

"मग मला सांगायचं की!"

"सांगितलं असतं, तर खरं वाटलं असतं?"

मालननं हातातली नवी पिन उलटसुलट करून पाहिली. बाजीरावनं हात पुढे केला. "द्या पिन. ऊस वाळतोय."

"वाळू दे." तिनं पिन पिशवीत टाकली. "बदलून आणू. या खेपेला निवडायला तुम्ही चला."