रविवारची दाढी

डोक्यावर वासा पडल्यापासून सुतार घरातच होता. जखम भरली, स्कॅन स्वच्छ आला, तरी माणूस पार बदलला. दिवसभर पांघरूण ओढून पडून राहायचा, नाहीतर बायकोच्या अंगावर धावून जायचा. काम नको म्हणून सगळं सोंग चाललंय, असा थोरल्या भावाचा निकाल होता. न्हावी मात्र दर रविवारी न चुकता घरी यायचा. गालांना साबण लागला की तेवढा वेळ सुतार शांत बसायचा, आणि आतल्या खोलीत त्याची बायको जरा पाठ टेकायची.

या रविवारी न्हावी वस्तरा पुसून पेटीत ठेवत होता, तेव्हा ती दारात येऊन म्हणाली, "काल नवीन डॉक्टरांना दाखवलं, भाऊ. ते म्हणाले, अशा माराने कधीकधी शरीरातले हार्मोन्स आटतात आणि माणूस असा होतो. पण मग दाढीसुद्धा वाढायची थांबते म्हणे. मी म्हटलं, छे, यांची तर दर रविवारी करावी लागते."

न्हाव्याने पेटी मिटली, पुन्हा उघडली.

"वहिनी," तो म्हणाला, "तीन महिने झाले, मी नुसता फेसच काढतोय."